रिकामं केलेलं कपाट

चंदीगडला सेक्टर बत्तीसच्या मेडिकल कॉलेजात मी शिकवत होते, तेव्हा आमच्या विभागात दोनच कॉम्प्युटर होते. नवा होता त्यावर व्हायरसच्या भीतीने विंडोजऐवजी लिनक्स घातलेलं. जुना कोपऱ्यात, विंडोजवाला. मी एका शिष्यवृत्तीसाठी अर्ज करणार होते, त्याचा शेवटचा दिवस होता आणि तो अर्ज एकाच ब्राउझरमध्ये उघडायचा. तो ब्राउझर लिनक्सवर मिळतच नव्हता. का मिळत नव्हता, हे मला आजही कळलेलं नाही. इंटरनेट तर एकच ना?

मी जुन्याकडे वळले. पान अर्धं उघडलं आणि थिजलं. पडद्यावर चौकट आली: मेमरी कमी आहे.

कमी आहे तर जागा करायला हवी, असं मला वाटलं. त्या कॉम्प्युटरवरच्या माझ्या फोल्डरमध्ये बाबांची पत्रं होती. बाबा अकोल्याला, रिटायर्ड मास्तर. सायबर कॅफेत बसून रोमन अक्षरांत मराठी लिहायचे. मेलबॉक्स तेव्हा लगेच भरायचा, म्हणून पत्रं मी इथे उतरवून तिकडची पुसायचे. अर्ज महत्त्वाचा, असं म्हणत मी सगळी पत्रं काढून टाकली. कचरापेटीही रिकामी केली. पान तसंच थिजलेलं.

आमच्या विभागातले सरदारजी टेक्निशियन आले, तेव्हा मी काय केलं ते त्यांना सांगितलं.

"मॅडमजी, फाइलें क्यूँ उड़ा दीं? वो तो हार्ड डिस्क थी. मेमरी अलग होती है."

त्यांनी समजावलं. हार्ड डिस्क म्हणजे कपाट, मेमरी म्हणजे टेबल. मी कपाट रिकामं केलं होतं, आणि टेबलावर पसारा तसाच होता. त्यांनी खालच्या पट्टीवर बोट ठेवलं. तिथे ब्राउझरच्या नऊ खिडक्या होत्या. खाली सरकवली की खिडकी बंद होते, अशी माझी समजूत. त्यांनी एकेक बंद केली. अर्ज दहा मिनिटांत गेला.

"पण वीज गेली की जी सगळं विसरते, तिला मेमरी का म्हणायचं?" मी हिंदीत विचारलं.

"पता नहीं जी," ते म्हणाले आणि पत्रं परत मिळतात का ते बघायला बसले. मिळाली त्यांत नुसते चौकोन आणि प्रश्नचिन्हं.

संध्याकाळी बाबांना फोन केला. "बाबा, जुनी पत्रं मला परत पाठवाल का?"

"माझ्याजवळ कुठून असतील? पाठवली ना तुला!"

"अहो, कॉम्प्युटरमध्ये पाठवलेलंही राहतं."

"पाठवलं ते गेलं ना बाई! मग राहतं कसं?"

कॅफेतल्या माणसाला विचारा, मी म्हटलं. त्याने बघितलं. पाठवलेल्याची प्रत ठेवायची खूण बाबांच्या मेलमध्ये कधी केलेलीच नव्हती.

शिष्यवृत्ती मिळाली. त्या बातमीवर बाबांनी पोस्टाने पत्र पाठवलं, हाताने लिहिलेलं. त्यात त्यांच्या पहिल्या नोकरीच्या दिवसाची गोष्ट होती. हेडमास्तरांनी त्यांना विद्यार्थी समजून वर्गात बसवलं होतं. हीच गोष्ट पुसलेल्या एका पत्रातही होती, पण तिथे बसवणारा शिपाई होता, असं मला वाटतं. नक्की कोण, ते विचारायला मी फोन उचलला. मग बाबा त्या दिवसाविषयी इतके खुशीत बोलत राहिले की माझं विचारायचं राहूनच गेलं.