मामांचे झोतदिवे

परवानगीवाचून श्वास घेणेही ज्यांना गैर वाटावे असे एकच गृहस्थ मी आयुष्यात पाहिले, आणि ते माझ्या पत्नीचे मामा होते. रेल्वेच्या सिग्नलांची देखभाल करण्यात त्यांची हयात गेली आणि निवृत्तीनंतर ते लोणावळ्यास स्थायिक झाले. सिग्नलचा हात खाली आल्याशिवाय गाडीने पुढे सरकायचे नाही, हा नियम त्यांनी माणसांनाही लागू केला होता. आमच्याकडे आले की "या" असा शब्द कानी पडेपर्यंत ते उंबरठा ओलांडत नसत. एकदा माझी पत्नी गच्चीत पापड वाळत घालीत होती आणि तिला त्यांची हाक ऐकू गेली नाही. ती खाली उतरली तेव्हा मामा छत्री उघडून अंगणात उभे होते. "अहो मामा, दार तर सताड उघडं होतं!" ती म्हणाली. मामा शांतपणे उत्तरले, "दार उघडं असणं निराळं आणि मार्ग मोकळा असणं निराळं."

अशा माणसाला गोल्फचा नाद असावा, हे नवलच. ज्यांना हा खेळ परिचित नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. वाकड्या तोंडाच्या काठीने लहानसा पांढरा चेंडू शक्य तितका दूर धाडायचा आणि मग तो शोधीत हिंडायचे, हे त्याचे सार. मायदेशी परतणाऱ्या एका गोऱ्या अधिकाऱ्याने आपल्या काठ्यांची पिशवी मामांना भेट दिली होती. सरावासाठी त्यांना जागा मिळाली ती गावाबाहेर, लोहमार्गाला लागून असलेल्या एका खडकाळ माळावर. माळ ज्यांचा होता त्या शेतकऱ्याला सारे आबा म्हणत. त्यांच्या म्हशी तिथे चरत. मामा प्रत्येक टोल्यापूर्वी हिरवी झेंडी दाखवीत आणि समोर म्हैस आली की लाल. आबा काही दिवस हे निमूट पाहत होते. अखेर त्यांना राहवले नाही. "भाऊ, म्हस काय झेंडी बगून चालती व्हय?" मामा म्हणाले, "ती बघत नसेल, पण मी दाखवली पाहिजे ना!"

पुढे आबांनीच काठी हाती घेतली. लहानपणी विटीदांडूत मुरलेले ते मनगट. पहिल्याच टोल्याला चेंडू मामांच्या चेंडूच्याही पलीकडे गेला. त्या दिवसापासून मामांना शिष्य लाभला आणि, पत्नीच्या निधनानंतर प्रथमच, सोबतीही लाभला. अडचण एवढीच होती की म्हशींच्या धारा काढून आबा मोकळे होत तोवर अंधारू लागे. चार टोले होतात न होतात तोच आबा म्हणत, "आता चेंडू दिसंना, भाऊ." तेव्हा माळावर झोतदिवे लावावेत असे मामांनी ठरवले. दुसऱ्या कोणी दोन खांब पुरून तार ओढली असती. मामांनी नगरपालिकेकडे अर्ज केला. शिवाय कोणी मागितलेली नसताना शेजारपाजाऱ्यांची संमती मिळवण्यासाठी ते घरोघर हिंडले. एका मावशींनी त्यांना पाणी दिले आणि विचारले, "कुटल्या चिन्हावर उभं ऱ्हायलाय म्हनं तुमी?"

साऱ्यांची संमती मिळाली. उरली रेल्वेची. पाहणीसाठी आलेला तरुण इन्स्पेक्टर मामांच्याच हाताखाली शिकलेला होता. तो म्हणाला, "साहेब, तुम्ही आखलेलं काम, त्यात मी काय बघायचं? हरकत नाही असं लिहून टाकतो." मामांचा चेहरा कठोर झाला. "मी शिकवलं ते हेच का?" त्या सुमारास खंडाळ्यास चित्रीकरणासाठी काही मंडळी उतरली होती. त्यांच्याकडून मामांनी जनित्र आणि एक मोठा दिवा एका संध्याकाळपुरता मागून आणवला, अर्थात रीतसर परवानगीने. सूर्य मावळताच दिवा लागला आणि माळ उजळून निघाला. आबांना तिथे खेळत ठेवून मामा इन्स्पेक्टरला आणि मला घेऊन रुळांच्या कडेने वळणापर्यंत गेले आणि गाडी चालवणाऱ्याच्या नजरेने सिग्नलकडे पाहू लागले.

त्यांनी खांबांची उंची मोजली होती, दिव्यांची दिशा आखली होती. पण सारे माळावर उभे राहून. वळणावरून पाहता त्या लखलखाटात सिग्नलचा तांबडा दिवा पार विरून गेला होता. दूरवरून आबांची हाक आली, "भाऊ, लय लांब गेला! बगितला का?"

मामांनी एकवार माळाकडे आणि एकवार सिग्नलकडे पाहिले. मग इन्स्पेक्टरला म्हणाले, "लिही. हरकत आहे."

"साहेब, दिव्यांना झाकणं बसवू. खांब थोडे वळवू."

"आणि पावसाळ्यात धुकं उतरल्यावर? सगळं धुकंच उजळेल. हे बघ, अर्जदार म्हणून मी तुला विनंती करतो, मंजूर कर. आणि तू खात्याचा माणूस म्हणून ती फेटाळ."

त्याने खाली मान घालून तसे लिहिले. आम्ही माळावर परतलो तेव्हा आबा घामाने निथळत हसत उभे होते. मामांनी स्वतः जनित्र बंद केले आणि काय झाले ते सांगितले. आबांनी कपाळावर हात मारला. "तुमीच मागितलं आन् तुमीच मोडलं? तुमच्यावानी मानूस न्हाई बगितला, भाऊ!"

त्यानंतर कित्येक दिवस मामा माळाकडे फिरकले नाहीत. एका संध्याकाळी आबाच त्यांना घेऊन गेले; मीही सोबत होतो. चार टोले झाले, चेंडू दिसेनासा झाला आणि दोघे एका खडकावर टेकले. मामा ओशाळून म्हणाले, "दिवे असते तर आणखी तासभर खेळलो असतो, आबा."

आबा तंबाखू मळीत म्हणाले, "खेळलो असतो खरं. पर मंग असं बसून बोललो कवा असतो?"

घाट चढून आलेली गाडी वळणावर दिसू लागली. तांबड्याचा हिरवा झाला आणि ती न थांबता पुण्याच्या दिशेने निघून गेली. तिच्या खिडक्यांचा उजेड क्षणभर त्या दोघांच्या चेहऱ्यांवरून सरकला. मग पुन्हा अंधार झाला, आणि मामा आपल्या दिवंगत पत्नीविषयी आबांना काहीतरी सांगू लागले. ते बोलणे माझ्यासाठी नव्हते, म्हणून मी थोडा दूर जाऊन उभा राहिलो.