तळाचा पोत

गिरणीतून आलेल्या तांदळाच्या पिठाची चिमूट लेकीने पुढच्या दातांत धरली आणि डोळे मिटून हलकेच चावली.

"जरा भरड आहे गं, आई."

"अगं, पीठ आहे ते! समुद्राचा तळ नव्हे."

ती हसली. देशाच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या जहाजावर ती समुद्रतळाचे नकाशे करते. जहाज पाण्यात ध्वनी सोडते. तळाला लागून तो परततो आणि खोली सांगतो. मात्र तळ कशाचा आहे, याची खात्री करायला मूठभर माती वर आणावी लागते, बोटांनी चोळावी लागते, दातांखाली धरावी लागते. कचकचली तर तीत रेती, लोण्यासारखी लागली तर चिकणमाती.

तव्यावर भाकरी टाकताना मनात आले, महिनोन्महिने मीही असाच ध्वनी पाठवत असते. फोनवर विचारते, "कशी आहेस?" दूरच्या पाण्यावरून उत्तर येते, "बरी आहे." तेवढ्यावरून मी तिच्या मनाची खोली अजमावत बसते, तळाशी काय साचले आहे, ते कळत नाही.

उद्या ती पुन्हा निघणार.

"बरी आहेस ना?"

"बरी आहे."

या खेपेला मी तिचा पिठाळ हात हातात घेतला आणि तळव्यावरून अंगठा फिरवला. खाऱ्या वाऱ्याने तो खरबरीत झाला होता. तिने हात सोडवला नाही. उलट तिची बोटे माझ्या बोटांवर घट्ट मिटली.

"आई," ती म्हणाली, आवाज ओला, "भाकरी करपतेय."

"करपू दे," मी म्हटले.