ताबा कुणाचा सुटला

मी दिलेला पाण्याचा ग्लास त्यानं माझ्याच अंगावर ओतला. "मला हिच्या हातचं चालत न्हाई. दुसरीला बोलवा," म्हणाला. वॉर्डातले आठ जण बघत होते. गोळी माझ्या तळहातावर तशीच राहिली.

नवीन जालना भागातल्या या व्यसनमुक्ती केंद्रात मी नऊ वर्षं सिस्टर आहे. तो बियाण्याच्या मोठ्या व्यापाऱ्याचा मुलगा, तिशीतला, पुण्यात कोकेनच्या नादी लागलेला. आदल्या दिवशी त्यानं माझ्याच हातून मुकाट पाणी घेतलं होतं. मधे एवढंच घडलं की सकाळी त्याच्या आईनं माझं आडनाव विचारलं. मग गाव. अंबडकडचं गाव सांगितल्यावर, गावात घर कोणत्या बाजूला, तेही विचारलं. मी सांगितलं. आम्ही बौद्ध आहोत, यात लपवायचं काय?

ओल्या कपड्यांनिशी डॉक्टरांकडे गेले. ते म्हणाले, "सिस्टर, मनावर घेऊ नका. त्याच्या मेंदूचा ताबा सुटलाय. तुम्हीच तर शिकवता."

खरंच, मीच शिकवते. दर रविवारी रुग्णांचा आणि त्यांच्या नातेवाइकांचा वर्ग असतो. कोकेन मेंदूत सुखाची खोटी उधळण करतं, मग जेवण, काम, पोरंबाळं, कशातच गोडी उरत नाही. कपाळामागचा जो भाग 'थांब' म्हणतो, तो दुबळा होतो. जुन्या मित्राचा एक फोन पुरतो, नुसती आठवण पुरते, आणि माणूस शपथा विसरून धावतो. दोष देऊ नका, उपचार करा, महिनोन्‌महिने धीर धरा, मेंदू हळूहळू सावरतो. हे मी मनापासून सांगत आले. तेच आता माझ्या तोंडावर मारलं जात होतं.

माझा नुसता संताप होत होता. मागच्याच महिन्यात एमआयडीसीतल्या रोलिंग मिलचा एक कामगार दारू सोडायला आला होता. त्यानं एका सिस्टरला शिवी दिली आणि त्याच दुपारी त्याला घरी धाडलं. त्याच्या मेंदूबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. मीसुद्धा नाही. याची मला लाज वाटते.

रविवारी वर्गाला उभी राहिले, तर डॉक्टरांनी बाजूला घेतलं. मी शिकवू नये, अशी व्यापाऱ्याच्या मुलाच्या आईची, त्या बाईंची, इच्छा होती. नुकतीच लागलेली सिस्टर मुलगी माझ्या वहीतून वाचेल, मी मागं बसावं, आजचा दिवस. असे किती आजचे दिवस मी गिळले! नर्सिंगच्या वसतिगृहात मैत्रिणीनं माझं ताट वेगळं ठेवलं, तेव्हाही मी हसून घेतलं होतं. त्या रविवारीही मी मागं जाऊन बसले.

मुलगी अडखळत वाचत होती. 'रुग्णाला दोष देऊ नका' हे वाक्य आलं आणि बाईंनी डोळ्याला पदर लावला. म्हणाल्या, "माझं लेकरू वाईट न्हाई वो. त्या पावडरीनंच त्याच्या तोंडून सगळं वदवलं."

मी उठले. पुढं गेले. मुलीच्या हातातून वही घेतली.

"बाई, पावडरीनं तुमच्या मुलाचा ताबा सुटला, हे बराबर हाये. पण जात पावडरीत नसती. ती त्याच्या डोक्यात आधीच भरल्याली व्हती. आन् तुम्ही तर काहीच घेतलं न्हाई. मंग तुमचा ताबा कशानं सुटला?"

बाई उठून बाहेर गेल्या. मुलगा मान खाली घालून बसून राहिला. त्याला काही उमगलं का, मला माहीत नाही. मी त्याची वाटही बघत नाही.

राहिलेला वर्ग मी पुरा केला. नंतर डॉक्टरांनी खोलीत बोलावून कोरा कागद पुढं सरकवला. माफी लिहून द्या, नाहीतर घरचे पेशंट हलवतील, म्हणाले. नोकरी जाईल, हेही सुचवून झालं.

मी कागद परत सरकवला. "त्याच्या उपचारात मी कसूर करणार न्हाई. पण माफी लिहिणार न्हाई. आन् इथं पुन्हा कुणी माझी जात काढली, तर मी सरळ पोलीस ठाण्यात जाणार. साक्षीदार म्हणून पहिलं नाव तुमचं देणार, डॉक्टर."