बाजीरावचा भत्ता

दाणाबाजाराच्या गाड्या चालवणाऱ्यांत एक रीत होती. ती कुणी कुणाला शिकवली नव्हती, पण पाळत सगळे. पगार बायकोला सांगायचा, भत्ता सांगायचा नाही. गाडी बाहेरगावी गेली की खर्चायला म्हणून रोजचे जे पैसे मिळतात तो भत्ता. त्यातून जेवायचं, चहा प्यायचा आणि उरलं तर गुपचूप खिशात घालायचं. बाजीराव मूळचा परभणीकडचा, नऊ वर्षं वाशीच्या एका शेठच्या ट्रकवर होता. त्याने ही रीत इतक्या निष्ठेने पाळली की भत्ता नावाची काही चीज जगात असते, हेच त्याच्या बायकोला, रखमाला, ठाऊक नव्हतं.

तुम्ही म्हणाल, नऊ वर्षांत तिला संशय कसा आला नाही? आला असता, पण बाजीराव हिकमती. माणूस मनाने वाईट नव्हता, चार पैसे उरले की घरासाठी काहीतरी घ्यावंसं त्याला वाटे. पण घेतलं तर पैसे आले कुठून हे सांगावं लागणार. म्हणून तो सगळं शेठच्या नावावर खपवी. कुकर आणला, तो शेठने दिला. टेबलफॅन आणला, तो शेठच्या घरात जुना झाला म्हणून मिळाला, मग त्याच्यावरचं प्लॅस्टिक अजून निघालेलं का नसेना. चौदा एप्रिलला रखमाला निळ्या काठाची साडी आली, तीही शेठचीच. नवरा-बायको नि लेक राजश्री राहत त्या तळवलीतल्या भाड्याच्या खोलीत शेठचा एवढा बोलबाला, की कुकरची शिटी झाली तरी रखमा म्हणे, "लई मोठ्या मनाचा मानूस."

खरं तर त्या शेठने आयुष्यात कुणाला फुकट पाणी पाजलं नव्हतं. आणि नवरा मात्र आळीत चिकट ठरला होता. बाजीरावला हे फार टोचे, पण बोलायची सोय नव्हती.

शहाण्णव साली त्याला वाशीजवळच्या पावणे गावातल्या एका रंगाच्या कारखान्यातून बोलावणं आलं. कंपनीचा ट्रक, कारखान्यातून माल उचलायचा, न्हावा-शेव्याच्या बंदरावर टाकायचा आणि संध्याकाळी घरी. पगार अठ्ठावीसशे. भत्ता नाही, कारण बाहेर राहायचंच नाही. "शनिवारपर्यंत काय ते सांगा, नाहीतर मी दुसरा बघतो," असं मॅनेजरने बजावलं.

इथे बाजीरावने घाई केली. कंपनीने बोलावलं याचाच त्याला इतका तोरा चढला, की घरात पाऊल टाकता टाकता त्याने आकडा सांगून टाकला.

"अठराशाचं अठ्ठावीसशे?" रखमाने हातातलं पीठ तसंच ठेवलं. "हजार रुपय जास्ती? अवो, मग आजच जायचं व्हतं की हो म्हनायला!"

आणि चहाला उकळी फुटायच्या आत ही बातमी आळीत पोचलीही.

बाजीराव मात्र भिंतीला टेकून मनातल्या मनात गणित करत बसला. महिन्याचे पंचवीस दिवस बाहेर, रोजचे साठ, म्हणजे पंधराशे. पगाराचे अठराशे नि हे पंधराशे मिळून तेहतीसशे. म्हणजे कंपनीवाले त्याला पाचशे रुपये कमी देत होते आणि बायको हजार जास्त मिळाले म्हणून नाचत होती. पगार कमी आहे असं सांगावं, तर कशापेक्षा कमी, हे सांगता येईना. बिचाऱ्याची पुरती कोंडी झाली.

मग त्याने आडून आडून सुरुवात केली. "रंगाचा वास लई वाईट असतुया. छातीत बसतो."

"तुमी ट्रक चालीवनार का रंग पिनार?"

"त्येंचा खाकी ड्रेस घालावा लागतो. खाजवतो अंगाला."

"मी मऊ धुऊन दीन."

"शेठ काय म्हनंल? एवढा मोठ्या मनाचा मानूस, त्येला सोडून कसं जायचं?" हे बोलताना बाजीरावचीच जीभ अडखळली.

"मी सोता जाऊन सांगते त्यास्नी. असला मानूस आपलं चांगलंच चिंतनार."

रखमा शेठकडे जाणार म्हटल्यावर बाजीरावला घाम फुटला. कुकरबद्दल आभार मानायला ती दाणाबाजारात उभी राहिली, तर शेठ काय बोलेल याची कल्पनाही करवेना. आता एकच उपाय उरला होता. या धंद्यातल्या एखाद्या जाणत्याने येऊन, हा पगार बरोबर नाही, एवढं फक्त म्हणावं. रखमा जाणत्याचं ऐकायची.

असा जाणता म्हणजे हिरामण. हा त्यांचा खोलीमालक. जमीन नव्या शहरासाठी सरकारने घेतली, तिच्या पैशातून त्याने दोन टेम्पो घेतले आणि तेव्हापासून गाडी या विषयावर तळवलीत त्याचा शब्द शेवटचा. बाजीरावने त्याला संध्याकाळी चहाला बोलावलं. एका गोष्टीचा मात्र त्याला विसर पडला. हिरामण गाडीमालक होता, भत्ता देणाऱ्यांतला. तो लपवायचा असतो, हे देणाऱ्याला कसं ठाऊक असणार?

हिरामण आला, मांडी घालून बसला, बशीत चहा ओतला.

"अठ्ठावीसशे म्हनत्यात," बाजीराव म्हणाला. "दादा, तुमीच सांगा. जरा कमीच हाय ना?"

"पगार कोन इचारतो रं? भत्ता बोल."

बाजीराव खोकला. खोकून खोकून त्याचे डोळे लाल झाले. हिरामणला वाटलं, चहा ठसकला. त्याने बाजीरावच्या पाठीत थापटलं आणि पुढे बोलत राहिला.

"वाशीला रोजचं साठ रुपय मिलतान तुला. पंचवीस दिवसांचं पंधराशे झालं. आनि पगार अठराशे. तेतीसशेचा मानूस हायेस तू! कंपनी पाचशानी फसवते तुला. नको जाव. काय वैनी, बरोबर हाय ना?"

रखमाने शांतपणे कुकरकडे पाहिलं, मग फॅनकडे, मग अंगावरच्या साडीच्या काठाकडे. हिरामणला काय झालं ते कळलं नाही, पण काहीतरी बिनसलं एवढं कळलं. उरलेला चहा एका घोटात संपवून तो निघून गेला.

"कुकर कुनी आनला?" रखमाने विचारलं.

"म्या."

"फॅन?"

"त्यो बी म्याच."

"आनि मी नऊ वर्सं त्या शेठला दुवा देत बसले."

ती चिडेल, भांडी आपटेल, या तयारीत बाजीराव होता. भांडी वाजली असती तर त्याला बरंच वाटलं असतं. पण ती त्याच्यासमोर येऊन बसली आणि हिशेब विचारू लागली. साठातले किती खाण्यात जातात? पन्नास तरी जातात, त्याने कबूल केलं. मग घरी जेवल्यावर तेवढे लागतील का? नाही लागणार. मग पाचशे कमी कसे? आपला जीव पैशांसाठी तुटत नाही, आपला म्हणून कुणाला न सांगता खर्चायचा जो रुपया होता त्याच्यासाठी तुटतो आहे, हे बाजीरावला तेव्हा कळलं आणि त्याला स्वतःचीच लाज वाटली.

"ह्यो भत्ता देत्यात कशापायी?" रखमाने विचारलं.

"घर सोडून ऱ्हावं लागतं म्हनून."

"राजश्री झाली तवा तुमी कुठं व्हता?"

"इंदूरला."

"त्या दिसाचा मिळाला व्हता?"

"मिळाला."

"किती?"

तेव्हा दर कमी होता. "चाळीस."

रखमा रागावलेली दिसत नव्हती. एखाद्या मालाचा भाव ऐकून बाईमाणूस जसं खरं ते सांगतं, तसं ती म्हणाली, "लई कमी दिला."

यावर घासाघीस करायला बाजीरावकडे काही नव्हतं. शनिवारची वाट न बघता दुसऱ्याच दिवशी सकाळी तो पावण्याला जाऊन हो म्हणून आला.