इमामचा न लिहिलेला तास

इमाम गेला हे मला कुणी येऊन सांगितलं नाही. त्याची थैली एकटी परत आली, तेव्हा ते कळलं. दुपारचा दीड वाजून गेला होता. माझी पाळी कधीच संपली होती, पण आमच्या टपालकचेरीत पाळी संपली म्हणून कुणी घरी जात नाही, तसा मीही रजिस्टर पत्रांच्या पावत्या लावत बसलो होतो. साखर पेठेतली एक विणकरीण, लेकरू कडेवर घ्यावं तशी ती खाकी थैली घेऊन, शिपायाला न जुमानता आत शिरली. थैली तिनं माझ्या टेबलावर ठेवली आणि तेलुगूत भराभर बोलू लागली. इतकी वर्षं सोलापुरात काढून मला जेवढी तेलुगू येते तेवढ्यावर एवढंच समजलं, की तो आमच्या पायरीवर बसला, पाणी मागितलं, आणि… पुढं तिनं नुसता हात हलवला. घरच्यांनी त्याला ओसरीवर निजवलं होतं. आमचे पोस्टमास्तर आतून बाहेर आले. "काय झालं?" असं त्यांनी विचारलंच नाही. "टपाल किती राहिलंय?" एवढंच विचारलं. आणि मी, त्याचा लहानपणापासूनचा दोस्त म्हणवणारा, थैली उलटी करून मोजायला लागलो. तेवीस पत्रं राहिली होती. दारादाराच्या क्रमानं लावलेली, एकही मागंपुढं नाही.

या गोष्टीला आता दीड महिना झाला. पोस्टमनवर कुणी लेख लिहीत नाही हे मला ठाऊक आहे. रोज दारात येणारा माणूस लोकांना तोंडानं ओळखीचा असतो, नावानं नसतो. इमामवरही मी लिहिलं नसतं. पण त्याच्याविषयी सोलापुरात, निदान आमच्या कचेरीत, एक गैरसमज आहे आणि तो माझ्यामुळे आहे. हे छापून आल्यावर माझ्याकडं आणखी एक खुलासा मागतील. मागोत बापडे.

आम्ही दोघं मैंदर्गीचे. त्याचा बाप कापूस पिंजायचा आणि माझे वडील तिथल्याच शाळेत मास्तर. आम्ही एका पाटावर बसलो, मार खाल्ला तोही वाटून. इमामला घरात दखनी, गल्लीत कानडी आणि शाळेत मराठी, त्यामुळे तो एकाच वाक्यात तीन गावं फिरून यायचा. सोलापुरात आल्यावर त्यानं तेलुगूही उचलली, वाचण्यासकट. माझं इंग्रजी थोडं बरं म्हणून मी कारकून झालो आणि तो पोस्टमन. कचेरीत तो मला "रावसाहेब, तुमी" म्हणायचा आणि बाहेर पडून कोपरा ओलांडला की "वसंता, लेका". मी कितीदा सांगितलं, की आतही नावानंच हाक मार. तर म्हणायचा, "आत तू खुर्चीवर हाईस. खुर्चीला रावसाहेब म्हनावं लागतं, तुला कोन म्हनतंय?" माझी अशी खोडी काढणारं आता कुणी उरलं नाही, आणि ते मला फार लागतं.

त्याच्याकडं पूर्वेकडची बीट होती, म्हणजे विणकरांच्या गल्ल्या. तिथं घरांना आकडे नाहीत. पत्रं येतात निजामाच्या मुलखातून, तेलुगूत लिहिलेली, आणि पत्ता असा, की मारुतीच्या देवळामागं, मामाच्या मागावर काम करणारा नरसय्या. एका गल्लीत पाच नरसय्या आणि चौघांना मामा. असलं टपाल दाराप्रमाणं लावायला तास जातो. सरकारी हिशेबात त्याला दहा मिनिटं होती. म्हणून इमाम सातऐवजी सहाला यायचा. रात्रीच्या मेलच्या थैल्या उतरून घ्यायला माझी पाळी पहाटेची, किल्ली माझ्याकडं. हजेरीपत्रक उघडण्याआधी पोस्टमननं आत यायचं नाही असा नियम आहे. तो मागच्या दाराशी येऊन हळूच खाकरायचा, मी कडी काढायचो. तासभर तो उभ्यानं पत्रं लावायचा, बोलायचा, आणि सात वाजले की पुढच्या दारानं नव्यानं आल्यासारखा येऊन सही करायचा. आम्हाला त्याची गंमत वाटायची. वर्षानुवर्षं आम्ही त्या लबाडीवर हसत आलो.

तो तास म्हणजे काम आहे, असं त्याच्या कधी मनातच आलं नाही. तो म्हणायचा, काम गल्लीत असतं, हे तर नुसतं तयार होणं. लुगडं नेसायचा वेळ बाई कुणाकडं मागते का?

मग मंदी आली. सरकारनं सगळ्यांच्या पगाराला कात्री लावली, रिकाम्या जागा भरायचं थांबवलं, आणि उरलेल्यांकडून सगळ्यांचं काम घ्यायला सुरुवात केली. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. आमच्या संघटनेनं अर्जावर अर्ज केले. कापलेला पगार परत द्या, नाहीतर निदान पूर्वेकडच्या दोन बिटींना एक जादा माणूस द्या, एवढंच मागणं होतं. पोस्टमास्तर म्हणाले, आधी मोजून बघू. एक इन्स्पेक्टर घड्याळ घेऊन पोस्टमनबरोबर चालणार आणि बटवड्याला किती वेळ लागतो ते लिहून घेणार. बीट सगळ्यांत लांब म्हणून संघटनेनंच इमामचं नाव दिलं. शेजारच्या बिटीवरचा पोस्टमन नागनाथ अजून कायम झालेला नव्हता. जादा माणूस मंजूर झाला तर त्याची नोकरी पक्की होणार होती. तीन लेकरांचा बाप तो. आदल्या दिवशी त्यानं इमामचा हात धरला आणि म्हणाला, "इमामभाई, उगं पळू नगा. रोजच्यावानी चला म्हंजे झालं." इमाम म्हणाला, "व्हय की. रोजच्यावानीच."

आणि तो खरोखर रोजच्यासारखाच वागला, हेच नडलं. त्या दिवशी सकाळी सहाला मागच्या दाराशी खाकरला. मी म्हणालो, "अरे, आज तरी सातला यायचं!" तर माझ्याकडं असं बघितलं, जसं काही मी त्याला उघडं फिरायला सांगितलं होतं. "सायबाम्होरं मी पत्रं हुडकत बसू व्हय? कुनाचं म्हनून इचारत?" मला वाटलं, ठीक आहे, आब राखू दे. मी कडी काढली. माझ्याही डोक्यात पुढचं आलं नाही. कारकुनाचं डोकं कागदावरचं वाचतं, कागदाबाहेरचं नाही.

सातला इन्स्पेक्टर आले. त्यांनी घड्याळ लावलं, आणि दहा मिनिटांत इमाम थैली खांद्याला लावून तयार. साहेबांनी ते लिहून घेतलं. पुढं गल्ल्यांत काय झालं ते मला नंतर त्यानंच सांगितलं. रोज तो निम्म्या दारांत थांबायचा. बायांना वाचता येत नाही. नवरा मुंबईच्या गिरणीत, भाऊ तिकडं मुलखात, त्यांची पत्रं इमामच वाचून दाखवायचा. कुणाच्या घरचं मरण, कुणाचं कर्ज, कुणाची रुसून गेलेली सून, सगळं त्याला माहीत. त्या दिवशी त्यानं एकही पत्र वाचलं नाही. साहेब शेजारी उभा असताना दुसऱ्याच्या घरातलं मोठ्यानं कसं वाचायचं? प्रत्येक दारात त्यानं सांगितलं, "अक्का, संध्याकाळी येतो." बाराचा भोंगा व्हायच्या आत बीट संपली. रोज दीड वाजायचा. संध्याकाळी घरी जाऊन भाकरी खाऊन तो पुन्हा त्याच गल्ल्यांत गेला आणि दिवा लागेपर्यंत पत्रं वाचून परतला.

इन्स्पेक्टर घामाघूम होऊन परत आले. इमामच्या पाठीवर थाप मारली, "शाबास" म्हणाले. मग माझ्याकडं वळले. "हा सकाळी किती वाजता येतो?"

इमाम समोर उभा होता. हजेरीपत्रक माझ्या हाताखाली होतं. सहा म्हटलं असतं, तर नियम मोडून रोज माणूस आत घेणारा कोण, हा पुढचा प्रश्न होता. माझ्या मुलीचं लग्न ठरत होतं. मी म्हणालो, "सातला, साहेब." इमामनं माझ्याकडं बघितलं नाही. मी मूग गिळून बसलो हे म्हणणंसुद्धा खोटं आहे. मी चांगला स्पष्ट बोललो होतो.

जादा माणूस मिळाला नाहीच. बाराच्या आत बीट संपते, म्हणजे माणसाकडं वेळ उरतो, असं कागदावर सिद्ध झालं. दोन्ही बिटी एक करून इमामच्या गळ्यात बांधल्या आणि नागनाथला घरी बसवलं. तो बार्शीच्या बाजारात पोती उचलायला गेला. जायच्या आधी कचेरीच्या आवारात, सगळ्यांसमोर, तो इमामला म्हणाला, "सायबाची शाबासकी पायजे हुती न्हवं? घ्या, चाटा आता." त्या दिवसापासून इमाम साहेबाचा माणूस ठरला. त्याच्याबरोबर चहाला कुणी जाईना. संघटनेच्या बैठकीत तो आला की बोलणं थांबायचं. "वसंतानं सहा सांगितलं असतं तर…" एवढं अर्धं वाक्य बोलून तो सुटला असता. ते त्यानं दोन वर्षांत एकदाही, कुणाजवळही, अगदी माझ्याजवळही उच्चारलं नाही. मीच एकदा कोपऱ्यापलीकडं गाठून म्हणालो, "इमाम, मी सांगू का सगळ्यांना?" तो म्हणाला, "आता सांगून काय? तुझी बी जाईल. एक गेली ती लई झाली." आणि लगेच पोरीच्या लग्नात जेवायला काय काय होतं ते विचारू लागला. मला सुटल्यासारखं वाटलं, हे मी इथं लाज सोडून लिहितो.

दोन बिटींसाठी तो पाचला यायला लागला. मी कडी काढत राहिलो. बोलणं हळूहळू कमी झालं, कारण दोन तासांतही पत्रं लावून होईनात. त्याची पावलं सुजलेली दिसायची. वहाणेचा पट्टा त्यानं कापून सैल केला होता. मातीला गेलो तेव्हा त्याची बायको मला म्हणाली, "भाई, पावां बहोत सुजते थे उनके. मैं बोली, एक रोज नक्को जाओ. तो बोले, मेरी चिठ्ठ्यां कौन लगाता?" तिला वाटत होतं, की कचेरीतले सगळे त्याला मानायचे. तिथं कचेरीतला मी एकटाच होतो. मी तिला म्हणालो, बाकीच्यांना सुट्टी मिळाली नाही.

त्यानंतर आठवड्यानं मी ते केलं जे दोन वर्षांपूर्वी करायचं होतं. वर अर्ज लिहिला. इमाम रोज सहाला यायचा, मी त्याला आत घ्यायचो, तो तास मोजला गेला नाही, पत्रं वाचायचा वेळ मोजला गेला नाही, सबब ही मोजणी चुकीची आहे, बीट पुन्हा मोजावी. दिवसाढवळ्या, पूर्ण नाव घालून लिहिला. उत्तर लवकर आलं. ज्या कामाची हजेरीपत्रकात नोंद नाही त्याचा विचार करता येत नाही, आणि संबंधित नोकर मयत असल्यामुळं खातरजमा शक्य नाही. शिवाय माझ्याकडं खुलासा मागितला होता. आता जी काय शिक्षा व्हायची ती होईल. पण बिटीच्या कागदावर इन्स्पेक्टरांनी लाल शाईनं लिहिलेला तो वेळ तसाच आहे. आता त्या दोन्ही बिटींवर जो येईल त्यानं मेलेल्या माणसाच्या चालीनं चालायचं.

आणि आला कोण, तर नागनाथ. जागा रिकामी झाल्याचं कळताच बार्शीहून आला आणि पोस्टमास्तरांच्या पाया पडून ती मिळवली. पहिल्या दिवशी मीच त्याला बजावलं, की नियमानं सातलाच यायचं, काय होईल ते होऊ दे, कळू दे त्यांना. बोलायला माझं काय जात होतं! पंधरा दिवसांत त्याला उशिराचे दोन मेमो मिळाले. तिसऱ्याला नोकरी जाते. परवा संध्याकाळी तो माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला.

"रावसाहेब," तो म्हणाला, "इमामभाई किती वाजता यायचे वो?"

दोन वर्षं गिळून ठेवलेलं उत्तर होतं ते. मी म्हणालो, "आधी सहाला. दोन बिटी झाल्यावर पाचला. मागच्या दारानं."

सगळं त्याच्या ध्यानात आलं असावं, कारण त्यानं डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. मला वाटलं, आता हा मला शिव्या देईल. द्याव्यात असं फार वाटत होतं.

"मग मला बी पाचला घ्या की," तो म्हणाला. "तिसरा मेमो आला तर लेकरं घिऊन कुटं जाऊ?"

काल पहाटे पाचला मी मागचं दार उघडलं. तो आत आला, इमाम उभा राहायचा तिथंच उभा राहून पत्रं लावू लागला. त्याची जुनी बीट मराठी घरांची, त्याला तेलुगू वाचता येत नाही, म्हणून मी शेजारी बसून, इमामकडून बघून बघून उमगलेलं अक्षर अक्षर लावत त्याला नावं सांगितली. मग सात वाजले. तो बाहेर जाऊन पुढच्या दारानं आला, आणि मी हजेरीपत्रक त्याच्यापुढं सरकवलं.