दसऱ्याचं वार्निश

७ ऑक्टोबर १९६४ रोजी पिंपळगाव राजाच्या उकंडरावांनी कडूबाच्या हातावर कामाचे अठरा रुपये पन्नास पैसे ठेवले, आपली जुनी विलायती मोटार खामगावात त्याच्या गाळ्यासमोर उभी केली आणि ते एस.टी.ने गावी जायला निघाले.

कडूबा मुळात बैलगाड्या रंगवणारा. त्याच्या हातची वेलबुट्टी लांबून ओळखू येई. पण अलीकडे रबरी टायरच्या गाड्या कारखान्यातून रंगूनच येऊ लागल्या आणि गाळ्यासमोर कुत्री झोपू लागली. भाडं थकलं. गाळ्याच्या मालकाने दिवाळीपर्यंत मुदत दिली.

मोटारीच्या आतली समोरची फळी अक्रोडाची होती. म्हणजे खाली साधं लाकूड आणि वर अक्रोडाचा पापडासारखा पातळ थर चिकटवलेला. उन्हाने तिच्यावरचं वार्निश तडकलं होतं, सालपटं निघाली होती आणि उरलेलं सायीसारखं पांढरं पडलं होतं.

"दसऱ्याले फळीचा नक्षा दिसला पाह्यजे," उकंडराव जाता जाता म्हणाले. "जमलं तर आमच्या जिनिंगवाल्या व्याह्याच्या तिन्ही मोटारी तुह्याकडे लावून देतो. नाही जमलं तर मंग गाड्याच रंगवत बस."

"गाड्या राह्यल्या कुठं, मालक," कडूबा म्हणाला.

तीन मोटारींचं काम म्हणजे गाळा वाचला, हे त्याने तिथल्या तिथे मनात धरलं.

फुटक्या काचेच्या धारेने त्याने जुनं वार्निश खरवडलं. मग साबणाच्या पाण्यात भिजवलेला बारीक पॉलिशपेपर बोटाला गुंडाळून, जोर न लावता फिरवत राहिला. वार्निश निघावं पण खालच्या थराला ओरखडा येऊ नये, एवढाच तो खेळ. हात जरा जड पडला की अक्रोड संपलं.

त्याची बायको सोजराबाई भाकर घेऊन आली आणि पाहत उभी राहिली.

"अवो, केवढं गोंजारून राह्यले त्या फळीले. मले कधी असा हात नाही लावला."

"तुह्यावर वार्निश नाही चढत," कडूबा मान वर न करता म्हणाला.

चार पातळ हात द्यायचे होते. मध्येच परतीच्या पावसाने गाठलं. दमट हवेत वार्निश दुधाळ पडतं, म्हणून तो थांबला. शेवटचा हात दसऱ्याच्या आदल्या दिवशी सकाळी बसला. संध्याकाळी उकंडराव आले, तेव्हा फळीतल्या तपकिरी रेषा पाण्याखालच्या वाळूसारख्या स्वच्छ दिसत होत्या.

"मालक, हे वरून सुकलं, आतून कच्चं हाये. आठ दिस हात नोका लावू. तेलपाणी तर बिलकूल नाही."

"हाव रे, समजलं. तू बी ये उद्या पूजेले."

उकंडरावांनी हे घरी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी मोटारीला झेंडूचे हार घातले होते. त्यांच्या पत्नी सत्यभामाबाई ताट घेऊन आल्या. त्यांनी बॉनेटवर स्वस्तिक काढलं, मग दार उघडलं.

"सारी लक्ष्मी तर या फळीत उतरली," असं म्हणत त्यांनी पाची बोटं तेलात कालवलेल्या कुंकवात बुडवली.

कडूबाचं तोंड उघडलं. पण दसऱ्याच्या दिवशी सवाष्णीचा कुंकवाचा हात थांबवायचा? पूजेत 'थांबा' हा शब्द त्याच्या घरात कुणी उच्चारला नव्हता. त्याने उकंडरावांकडे पाहिलं. ते डोळे मिटून, हात जोडून उभे होते. फळीवर पाच लाल रेघा उमटल्या.

"कडूबा, लय सुंदर केलं बापा," सत्यभामाबाई म्हणाल्या आणि त्यांनी त्याच्या हातावर पेढा ठेवला. तो त्याने मुठीतच धरून ठेवला.

दुसऱ्या दिवशी मोटार परत गाळ्यासमोर आली. कुंकू पुसलं होतं, पण लाली वार्निशात उतरली होती.

"काढ," उकंडराव म्हणाले.

"महिनाभर राहू द्या. पक्कं झाल्यावर अलगद काढतो."

"परवा व्याही मोटार पाह्याले येऊन राह्यला. त्याले ही बोटं दाखवू काय?"

तीन मोटारी डोळ्यांपुढे होत्या. कडूबाने कागद भिजवला. कच्चं वार्निश कागदाला चिकटत होतं, म्हणून त्याने जन्मात पहिल्यांदा अशा कामावर जोर लावला. चार रेघा गेल्या. पाचवीवर हाताखालचा स्पर्श बदलला. डोळ्यांआधी बोटांना कळलं. रुपयाएवढ्या जागेतलं अक्रोड निघून गेलं होतं आणि खालचं फिकट लाकूड वर आलं होतं.

उकंडरावांनी त्या डागावरून अंगठा फिरवला.

"पूजेत काऊन नाही बोलला बे?"

"कुंकू पुसा म्हणू काय, मालक?"

उकंडराव मोटारीत बसले आणि त्यांनी दार ओढून घेतलं. व्याह्याच्या तिन्ही मोटारी आल्या नाहीत.

दिवाळी झाल्यावर गाळा सुटला. ब्रश, डबे, काचा भाड्यात गेल्या. कडूबा जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी ओढू लागला. वर्षभरात बोटं अशी झाली की बारीक कागद कोणता आणि जाडा कोणता, हेही त्यांना कळेना. पुढच्या दसऱ्याला सोजराबाईने पाटावर अवजार म्हणून गाठी ओढायचा लोखंडी आकडा मांडला आणि त्याला कुंकू लावायला बोट पुढे केलं. कडूबा उठून बाहेर गेला.

"अवो, पूजा?" तिने आतून विचारलं.

"तूच कर," तो म्हणाला. हळद-कुंकू वाहून होईपर्यंत तो आत आला नाही. नंतरच्या कुठल्याही दसऱ्याला आला नाही.

त्या फळीसाठी आणलेल्या अर्धा लिटर वार्निशचे चार रुपये पंचवीस पैसे खामगावच्या रंगाच्या दुकानाला त्याच्याकडून अजून येणे आहेत.