दोरी गुंडाळलेला ग्लास

पडदा वर जातो तेव्हा दिसते एक अरुंद खोली. भिंतींवर पांढरे शिंतोडे, मधे उंच टेबल, कोपऱ्यात कोमट पाण्याची बादली. आणि बादलीपाशी, चष्म्यावरही प्लास्टरचे ठिपके मिरवणारे प्लास्टरमामा. बत्तीस वर्षं दवाखान्यात त्यांचा एकच धंदा: मोडलेलं हाड नीट धरायचं आणि ओल्या पट्ट्या गुंडाळायच्या.

प्रवेश केला पडदेवाल्या ताईंनी. नाटकमंडळीत पडदा ओढायचं काम तेवीस वर्षं त्यांचं. दोन दिवसांपूर्वी शिडीवरून घसरून त्या उजव्या तळहातावर पडल्या होत्या.

"एक्स-रेचा फोटो साफ आलाय मामा. लचक वाटते म्हणाले डॉक्टर. पट्टी बांधा आणि सोडा मला, शुक्रवारी प्रयोग आहे."

"सोडतो की. अंगठा जरा वर ताणा बघू."

अंगठ्याच्या मुळाशी, दोन शिरांच्या मधे, छोटा खळगा पडला.

"जुनी माणसं इथं चिमूटभर तपकीर ठेवून ओढायची," म्हणत मामांनी तो खळगा अलगद दाबला. ताईंनी असा सूर लावला की मंडळीतल्या नायिकेला तो जन्मात लागला नसता.

मामा गुपचूप शेजारच्या खोलीत गेले आणि डॉक्टरांना घेऊन आले. डॉक्टरांनी दाबलं, ताईंनी पुन्हा तोच सूर लावला.

"मामांचा संशय बरोबर आहे," तरुण डॉक्टर मोकळेपणानं म्हणाले. "हे हाड पहिल्या फोटोत लपून बसतं कधीकधी. प्लास्टर घाला. दोन आठवड्यांनी परत बघू."

"आणि मोडलेलं निघालं तर?"

"मग तीन महिने."

डॉक्टर गेले आणि ताईंचा बांध फुटला. "तीन महिने! प्रकाशवाल्याची मेहुणी टपून बसलीय माझ्या दोरीवर. एकदा हातातून गेली की गेली ती. नुसती पट्टी बांधा ना मामा, कुणाला कळतंय?"

मामा स्टूल ओढून समोर बसले.

"ताई, मनगटात आठ हाडं, खडे रचावेत तशी. त्यातलं हे अंगठ्याकडचं, काजूएवढं, होडीसारखं वाकलेलं. भारी मानी हाड! याचं रक्त उलट्या वाटेनं येतं, बोटांकडच्या टोकातून शिरून मागे कोपराच्या बाजूला. मधेच तडा गेला की मागचा अर्धा उपाशी. तुम्ही शुक्रवारी दोरी ओढाल, त्याच्या पुढच्या शुक्रवारीही ओढाल. पण तो अर्धा मेला, तर पुढच्या वर्षी चहाचा कप उचलवणार नाही. आता सांगा, तीन महिने द्यायचे की सगळी दोरी?"

ताईंनी नाक पुसलं आणि हात पुढे केला. "घाला. पण मेहुणीला शिव्या देणार मी."

"खुशाल द्या. तोंडाला प्लास्टर नाहीये."

मामांनी ड्रॉवर उघडला. त्यात खडू, डाव, कात्री, रंगाचा ब्रश. "पेशंटनं आपलं हत्यार धरलं की हात हट्ट करत नाही. तुम्ही मात्र ग्लास धरा, या हाडाला तीच पकड लागते."

"ग्लास कशाला? मी काय सरबत विकते?" ताईंनी पिशवीतून पडद्याच्या जुन्या दोरीचा तुकडा काढला. नवी घेताना नमुना दाखवायला जवळ ठेवला होता.

"बारीक पडते, बोटं मिटतील." मग मामांनी तीच दोरी ग्लासाला गुंडाळली आणि ग्लास ताईंच्या हातात दिला. पट्ट्या चढत गेल्या, ताईंचा हात हळूहळू निवला. प्लास्टर घट्ट व्हायच्या आत मामांनी ग्लास अलगद काढून घेतला.

दोन आठवड्यांनी फोटोत केसासारखी रेघ दिसली. ती रेघ बघून ताई हबकल्या. मग त्यांनी डाव्या हातानंच मामांना नमस्कार केला.

मेहुणीनं पडदा ओढला खरा, पण पहिल्याच प्रयोगाला नायकाचा टोप पडद्याबरोबर वर गेला. मंडळीनं एकमतानं ताईंची वाट बघितली.

प्लास्टर निघालं, हात पुन्हा धरायला शिकला आणि ताई कामावर परतल्या. त्या पहिल्या प्रयोगाला मामा आले होते. पहिल्या रांगेतली खुर्ची सोडून ते विंगेत उभे राहिले. तिसरी घंटा झाली, ताईंनी दोरी ओढली, पडदा लोण्यासारखा वर गेला.

नंतर ताई शाल घेऊन पुढे आल्या. डोळे भरलेले. "मामा, हा हात तुमचा आहे. काय देऊ तुम्हाला?"

मामांनी शाल त्यांच्याच खांद्यावर टाकली.

"त्या दिवशीचा दोरीचा तुकडा आहे ना अजून? तो द्या. ड्रॉवरमध्ये ठेवतो, तुमच्यासारखं कुणी रडत आलं तर ग्लासाला गुंडाळायला."